फौजदार कोणासारखा

ठाणे, ता. १६ ऑक्टोबर १८८७, रविवार

आज दिवाळीचे स्नान एकट्याने केले. पाणी तापवले, उटणे कालवले, सगळे यथासांग. फक्त पाठीला उटणे स्वतःच्या हाताने लावता येत नाही, ही गोष्ट बेचाळिसाव्या वर्षी प्रथमच ध्यानात आली. हात वरून वळवून पाहिला, खालून वळवून पाहिला. मधला भाग राहतो. राहिला.

कुटुंब वैशाखात भाच्याच्या मुंजीला म्हणून माहेरी कल्याणास गेले ते अद्याप तिकडेच आहे. आधी मुंज झाली, मग पाऊस लागला, मग गौरी आल्या, मग भावजयीचे बाळंतपण निघाले. तिला कल्याणची हवा मानवते असे मी लोकांस सांगतो. काल कोर्टात एका वकिलाने विचारले की, भाऊसाहेब, आगगाडीने तासाभराची वाट, तेवढ्यात हवेत असा काय फरक पडतो? मी म्हटले, मध्ये खाडी येते.

तिचे शेवटचे पत्र श्रावणात आले होते. तिला लिहायला मीच शिकवले. पत्रातल्या चुका लाल शाईने दुरुस्त करून मी ते परत पाठवले, म्हणजे पुढच्या वेळी होणार नाहीत. त्यावर उत्तर नाही. बहुधा अभ्यास चालू असावा.

आज शेजारच्यांनी दिलेला फराळ खाताना एक जुनी गोष्ट आठवली. लग्नानंतर दिवाळसणाला मी कल्याणास गेलो होतो. तेव्हा तिथे एका फिरत्या मंडळीचा खेळ होता. पौराणिक नाटक संपल्यावर त्यांनी 'म्हशीचा तपास' नावाचा फार्स केला. पाटलाची म्हैस चोरीला जाते, फौजदार तपासाला येतो, खरा चोर त्याचाच कंदील धरून त्याच्या मागून हिंडतो, आणि फौजदार पाण्याच्या डोणीत पडतो, उकिरड्यावर पडतो, पिठाच्या कणगीत पडतो. मिशी सुटून चोराच्या हातात येते ती तो अदबीने परत करतो. शेवटी म्हैस आपली आपण घरी येऊन फौजदाराच्या मागे उभी राहते आणि त्याला दिसत नाही. मांडवभर हसू चालले होते, पण बायकांसाठी सोडलेल्या चिकाच्या पडद्याआडून एकच हसणे वेगळे येत होते. घागर भरताना पाणी बोलते तसे. ते हिचे होते. मी लगेच ओळखले.

दुसऱ्या दिवशी मी तिला समजावले की कुलीन बायकांनी एवढ्या मोठ्याने हसणे बरे नव्हे. तिने ते मुकाट्याने मानले. त्या बाबतीत तिला पुन्हा कधी सांगावे लागले नाही. स्वभावाने फार समजूतदार आहे.

ती मंडळी केव्हाच मोडली. तो फार्स आपण ठाण्यास नव्याने केला तर? कल्याणास निमंत्रण पाठवू. ती खेळ पाहायला येईल, आणि एकदा ठाण्यास आली की घर इथेच आहे.

ता. ३० ऑक्टोबर, रविवार

फार्स लिहून पुरा झाला. जुन्या मंडळींकडे लिहिलेले काही नसे, सगळे तोंडचे. त्यामुळे खेळ विस्कळीत होता. मी तो सुधारून वाढवला आहे. फौजदार आता म्हशीच्या खुरांवरून आणि शेणावरून सशास्त्र अनुमान काढतो. शेवटी न्यायावर एक भाषण घातले आहे. पडणे बहुतेक काढून टाकले. तपास करणारा माणूस उठल्यासुटल्या पडेल कशाला? मी कोर्टात वीस वर्षे साक्षीदारांच्या जबान्या लिहून घेतो आहे, एकही फौजदार पडलेला पाहिला नाही.

हौशी मंडळी जमली. शाळामास्तर, पोस्टातले दोघे, वकिलांचे कारकून. पाटील व्हायला पाचजण तयार, फौजदार व्हायला एकही नाही. मी म्हटले की एकच पडणे ठेवले आहे, तेही सभ्य आहे. मास्तर म्हणाले, "भाऊसाहेब, पडणं ते पडणंच. उद्या वर्गात पोरं मला उभं राहू देतील का?"

ता. ३ नोव्हेंबर, गुरुवार

फौजदार मिळाला. मिठागरावरचा मुकादम नाथा. आगरी आहे, शिमग्यात सोंगे आणतो. त्याला घ्यावे की नाही यावर मंडळींत कुजबुज झाली, पण पडायला दुसरे कोणी नसल्यामुळे सर्वांचे विचार एकदम उदार झाले.

नाथाला वाचता येत नाही. मी वाचून दाखवतो, त्याचे लगेच पाठ होते. पण त्याने एक चमत्कारिक प्रश्न काढला.

"भाऊसाहेब, फौजदार कोनासारका करू?"

"फौजदारासारखा कर."

"तसा नाय. कोन मानूस? फौजदार म्हंजे नुसता डगला झाला. आत कोन हाय?"

मी म्हटले, पुस्तकात आहे तसा कर. तो मान खाजवत बसला. शेवटी त्याची समजूत पटावी म्हणून सांगितले, "असा कर की लोकांना वाटलं पाहिजे, हा आपल्याच गावातला."

"मंग झाला!" म्हणून तो खूश होऊन गेला. या लोकांना सोपे करून सांगावे लागते.

ता. १३ नोव्हेंबर, रविवार

काल स्टेशनाजवळच्या लाकडाच्या वखारीत खेळ झाला. मी पडद्याआड पुस्तक घेऊन बसलो होतो. नाथा एक अक्षर इकडेतिकडे करू लागला की मी हळूच "पुस्तक!" म्हणायचो. त्यामुळे खेळ अगदी बिनचूक झाला.

हसू मात्र फारसे आले नाही. लोकांचे म्हणणे काय ते रीतसर कळावे म्हणून आज दिवसभर हिंडून जबान्या घेतल्या. नाव, बापाचे नाव, धंदा विचारायचे आणि मग मत.

जांभळी नाक्यावरचा किराणावाला: "छान होता हो. न्यायाच्या भाषणात मला इतकी गाढ झोप लागली, महिन्यात लागली नव्हती."

न्हावी दौलत: "जुना फौजदार मी पोरपणी पाहिलाय. काय पडायचा! तुमचा फौजदार नुसता बोलतो. आमचा पडता-पडता बोलायचा."

शाळामास्तर: "व्याकरण निर्दोष." जाणकार माणूस. पण ते स्वतः पाटलाच्या कामात होते, तेव्हा साक्ष कितपत धरावी?

तळ्यावर धुणे धुणारी एक म्हातारी: "म्हस ब्येस व्हती." म्हैस म्हणजे काळ्या घोंगडीखाली दोन पोस्टमन.

गाढवाला गुळाची चव काय, असे एकदा लिहून टाकतो आणि हा विषय संपवतो.

कल्याणास निमंत्रण पाठवले होते. बायकांच्या बाजूला पुढेच एक सतरंजी घडी घालून राखून ठेवायला सांगितली होती. कोणी आले नाही. ती घडी तशीच होती, तशीच परत आणली.

ता. १४ नोव्हेंबर, सोमवार

विषय संपला नाही. आज भांडी घासायला येणाऱ्या रंगूबाईलाही विचारले. ती मागे उभी राहून बघत होती.

"भाऊ, खरं सांगू? तुमी फौजदार हुशार केलाव. हुशार मानसाला कोन हसंल?"

"मग कसा करायचा?"

"सोताला हुशार समजनारा." मग भांडी पालथी घालत म्हणाली, "वैनी आल्या नाहीत ते बरंच झालं म्हना."

मी बरे का म्हणून विचारले, त्या वेळी तू कुठे उभी होतीस, शेजारी कोण होते, हेही विचारले. ती म्हणाली की मला अजून दोन घरं आहेत. बाईमाणसाकडून नीट साक्ष मिळत नाही हा कोर्टातलाही अनुभव आहे.

ता. २४ नोव्हेंबर, गुरुवार

आज मेहुणा बाळ कोर्टाच्या कामाला कल्याणहून आला होता. घरी जेवायला आणले. मी पिठले-भात केला. तो निमूटपणे जेवला. पिठल्यात गुठळी का झाली याचा मी त्याच्यासमोर शोध घेत होतो, पाणी आधी गरम होते की पीठ जुने होते, तर तो म्हणाला, "भाऊजी, राहू द्या हो. गुठळी झाली, खाल्ली, संपलं."

मी ताईची तब्येत विचारली. बरी आहे म्हणाला. परत कधी पाठवता, असे विचारायचे होते. पण त्याच्याकडून आपण होऊन निघते का ते पाहावे म्हणून थांबलो. निघाले नाही.

निघताना पायरीवर उभा राहून म्हणाला, "तुमच्या फार्साचं निमंत्रण आलं तेव्हा आवडाताईनं एकच विचारलं."

"काय?"

"फौजदार पडतो का, म्हणून. मी म्हटलं, एकदाच पडतो असं लिहिलंय. मग ती आत निघून गेली."

बाळ गेल्यावर मी पुष्कळ वेळ ओटीवर बसलो. सहा महिन्यांत तिने माझ्याबद्दल काही विचारल्याचे हे पहिलेच. माझ्याबद्दल नव्हे, पण माझ्या फार्साबद्दल. दोन्हींत फार अंतर आहे असे मला वाटत नाही.

सगळी पडणी परत घालणार. न्यायाचे भाषण जाऊ दे.

ता. ४ डिसेंबर, रविवार

तालमी जोरात आहेत. डोण आली, उकिरडा आला, कणगी बुरुडाकडून नवी करून घेतली. नाथा पडतो म्हणजे काय पडतो! पण परवा कुरकुरला की नुसतं पडून भागत नाही, मानूस पायजे, आणि पुस्तकातनं मोकळं सोडा. मी म्हटले, ठीक आहे, तुझ्या मनाने कर, मी पुस्तक मिटून ठेवतो. मनावर दगड ठेवून म्हटले.

तेव्हापासून नाथाने फारच मेहनत घेतली आहे. संध्याकाळी मिठागर सुटले की माझ्याकडे येऊन ओटीवर बसतो. मी दिवा लावतो, पूजेचे पाणी भरतो, चष्मा पुसतो, तो बघत बसतो. एक दिवस कोर्टातही आला आणि मागच्या बाकावर बसून मी जबान्या घेतो ते दिवसभर ऐकले. विद्या शिकायची हौस असावी तर अशी. शिवाय संध्याकाळी घरात कोणी बसलेले असले म्हणजे दिवा लावायला बरे वाटते. काल तो आला नाही तर मी दोनदा बाहेर जाऊन पाहिले.

ता. ११ डिसेंबर, रविवार

काल दुसरा खेळ झाला. काय लिहू! वखारीचे पत्रे उडतात की काय असे वाटले. लोक हसून हसून बाकावरून खाली आले. वन्समोर, वन्समोर! कणगीतले पडणे तीनदा करावे लागले.

नाथाने फौजदार मोठा बारकाईने केला. फौजदार चष्मा नाकावर ओढतो, काखेत छत्री धरतो, दर वाक्याला "बरं, पुढे?" म्हणतो. पाटलाच्या बायकोने आमटी वाढली तर "यात मीठ कोणी घातलं? त्या वेळी तू कुठं होतीस?" असे विचारून तिची जबानी घेतो. शेवटी म्हैस घरी येते तर तिला न ओळखता तिलाच विचारतो, "नाव? बापाचं नाव? धंदा?" तेव्हा तर गर्जना झाली. कोर्टाची भाषा त्याने बरोबर उचलली. अस्सल गोष्टीला लोक दाद देतात हे माझे मत खरे ठरले.

आज जबान्या घ्यायला निघालो, पण कोणी धड बोलेचना. किराणावाल्याला "नाव?" म्हणून विचारले तर तो गुळाच्या ढेपेवर डोके टेकून हसू लागला. दौलत न्हाव्याने माझी हजामत अर्धी ठेवून वस्तरा खाली ठेवला आणि म्हणाला, "थांबा भाऊसाहेब, हात हलतोय, कापेल." मास्तरांनी फक्त "निरीक्षण चांगलं आहे" म्हटले आणि दुसरीकडे पाहिले. रस्त्याने पोरे "बरं, पुढे?" ओरडत होती. माझ्या लेखणीतून उतरलेला फौजदार गावाच्या तोंडी झाला! मी पोरांकडे पाहून मान डोलावली, तर ती आणखी हसली.

संध्याकाळी घरी आलो आणि हे सगळे कोणाला सांगावे हे कळेना. शेवटी रंगूबाईला सांगितले. तिने हातातले भांडे ठेवले, माझ्याकडे जरा वेळ पाहिले आणि म्हणाली, "भाऊ, आज दोन भाकऱ्या टाकून जाते." का ते कळले नाही.

नाताळच्या सुट्टीत खेळ कल्याणास लावला. बाळला कळवले की फौजदार पुष्कळ पडतो.

कल्याण, ता. २४ डिसेंबर, शनिवार

सकाळच्या गाडीने सामानासकट आलो. पारनाक्याजवळच्या आवारात मांडव आहे. सासुरवाडीस उतरावे असे मनात होते, पण नाटकाच्या मंडळींबरोबर असलेले बरे दिसते, म्हणून धर्मशाळेतच उतरलो. आता दुपार आहे. नुकतेच जे कळले ते लिहून ठेवल्याशिवाय मला दुसरे काही सुचणार नाही.

मांडव घालणारा काळुराम म्हणून म्हातारा आहे. त्या जुन्या मंडळींचा मांडवही त्यानेच घातला होता. मी त्याची साक्ष काढायला बसलो की जुना फौजदार कसा होता.

"कुठला?" म्हणाला. "भिवंडीचा, पनवेलचा, का आमचा?"

"म्हणजे? माणसं वेगवेगळी होती?"

"मानूस एकच. पन फौजदार दर गावाला नवा. त्यो सोंगाड्या गावात आला का दिवसभर बाजारात हिंडायचा. गावातला एक मोठा मानूस हेरायचा आनि रात्रीला त्योच मांडवात उभा करायचा. म्हनून तं लोक मरंस्तवर हसायची. आमच्या कल्यानला घोड्यावरनं फिरनारे एक इनामदार व्हते, त्यांचा क्येला व्हता. बायामान्सं तं अशी हसली, इनामदार त्यांच्या आळीतनं महिनाभर गेले नाहीत." मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "तुमच्या ठान्याचा फौजदार कोनाचा हाय?"

मी चष्मा नाकावर ओढत होतो. तो हात तसाच राहिला.

उठलो आणि नाथाला गाठले. तो कणगीत पीठ भरत होता.

"नाथा, फौजदार कोणासारखा करतोस?"

तो पिठाच्या हाताने उभा राहिला. खोटे बोलणारा माणूस नाही. "तुमच्यासारका, भाऊसाहेब. तुमीच बोललाव ना, आपल्या गावातला वाटला पायजे. मना वाटला तुमाला ठावं हाय. रोज समोर बसून बघत होतो, तुमी काय बोलला नाय."

"तू त्यासाठी बसायचास?"

"आदी त्यासाटी. मंग सवय झाली."

म्हणजे वखारीतली ती माणसे मलाच हसत होती. किराणावाला, दौलत, पोरे, सगळे. मी त्यांच्या दारात जाऊन "नाव, बापाचं नाव" विचारत होतो आणि ते मला हसत होते. गावात तोंड कोठे दाखवू? हसतील त्यांचे दात दिसतील, असे लोक म्हणतात. म्हणणाऱ्याला बहुधा कधी कोणी हसलेले नसते.

आज रात्री हे होता कामा नये. चष्मा, छत्री, मीठ, जबान्या सगळे काढायचे. ज्या गावात माझी सासुरवाडी आहे तिथे तर मुळीच नाही. दिवेलागणीला नाथाला बोलावून सांगतो.

कल्याण, ता. २५ डिसेंबर, रविवार

सांगितले नाही.

दिवेलागणीला मी रंगपटाकडे निघालो होतो. बायकांच्या बाजूला चीक सोडत होते. बाळ आला आणि म्हणाला, "भाऊजी, ताई आलीय. पुढंच बसलीय." आणि भलताच घाईने निघून गेला. मी तिथे बराच वेळ उभा होतो. नाथा मिशी चिकटवत होता, त्याने आरशातून विचारले, "काय काडायचा हाय का, भाऊसाहेब?" मी म्हटले, "तुझं चालू दे."

मग खेळ. मी पडद्याच्या कडेला उभा होतो. प्रथमच, हातात पुस्तक नसताना, मी तो पाहिला. मला वाटे नाथा हुबेहूब नक्कल करत असेल. तसे नाही. तो माझ्याहून बरा आहे. त्याचा फौजदार पडला की उठून चहूकडे बघतो की कोणी पाहिले तर नाही ना, आणि तेव्हा त्याची दया येते. माझी तशी येत असेल असे मला वाटत नाही.

आमटीतल्या मिठाची जबानी सुरू झाली. "त्या वेळी तू कुठं होतीस?" आणि चिकाआडून ते आले. आधी दाबलेले, तोंडावर पदर धरल्यासारखे. मग म्हैस आली, "बापाचं नाव?" आणि पदर सुटला. सबंध मांडवात मला ते एकटेच ऐकू येत होते. आमच्या घरात ते एकदाही ऐकले नाही. एकदाही नाही, हे तिथे उभे असताना मोजून पाहिले.

आज सकाळी सासुरवाडीस गेलो. गंगुबाईंनी, म्हणजे बाळच्या बायकोने, मागच्या पडवीत पाट मांडला आणि तान्ह्याला आत निजवून मुद्दाम बाहेर गेल्या. ती दाराआड उभी राहिली. मला फक्त पदराचा काठ दिसत होता. तब्येत सुधारलेली वाटली.

मी म्हटले, "खेळ कसा वाटला? सगळ्यांची मतं घेतो आहे."

"फार हसले. पोट दुखलं. रात्री वहिनींना तेल लावावं लागलं पोटाला."

"फौजदार कोणासारखा वाटला?"

ती म्हणाली, "तुम्हाला ठाऊक आहे?"

"काल कळलं."

"कळूनही खेळ होऊ दिलात?"

"हो."

पदराचा काठ दारामागे गेला. मला वाटले ती आत गेली. मग बोलली, आणि इतकी वर्षे तिने माझ्याशी एका वेळी एवढे बोलल्याचे मला आठवत नाही. म्हणाली, "मला कधी राग आला नाही हो तुमचा. दूध उतू गेलं की तुम्ही विचारायचात कसं गेलं, किती गेलं, मी कुठं होते. मी सांगायचे. पण मग दूध तापवायचीच भीती वाटायला लागली. इथं दूध उतू जातं, वहिनी म्हणतात, जाऊ दे गं, आणि आम्ही दोघी हसतो. एवढंच."

मी म्हटले, "आता तसं होणार नाही. बुधवारी गाडीने जाऊ. सामान नाथाची माणसं उचलतील."

"कालचा तुमचा फौजदार बघायला मी पुन्हा येईन. कितीही वेळा येईन. फौजदाराच्या घरी राहायला नाही येणार."

हे तिने रागाने म्हटले असते तर मला उत्तर देता आले असते. वकिलांच्या सहवासात राहून उत्तर द्यायला मी शिकलो आहे. पण ती रडत होती. मी पाटावर बसून राहिलो. आत तान्ह्याला जाग आली होती.

निघताना ती म्हणाली, "एक विचारू का? म्हैस सापडते, पाटील हसत घरी जातो, चोरही जातो. फौजदार मग कुठं जातो? ते खेळात नाही."

मी म्हटले, "त्याचा कोणी विचार केला नव्हता."

"जेवून जा," ती म्हणाली. "मीठ मी घातलंय."

जेवलो. आमटी चांगली होती. तसे दारापाशी सांगितले. यापूर्वी कधी सांगितले होते की नाही, आठवत नाही.

ठाणे, ता. १ जानेवारी १८८८, रविवार

आठवडाभर लिहिले नाही. कोर्ट होते. साक्षीदाराला नाव विचारताना माझी जीभ अडते आणि पट्टेवाला खिडकीबाहेर बघतो. होईल सवय.

घरी दूध तापवत ठेवून ओटीवर बसलो होतो, उतू गेले. पुसून टाकले.

संध्याकाळी नाथा आला. मला वाटले होते आता तो यायचा नाही. दारातच उभा राहून म्हणाला, "भाऊसाहेब, रागावलाव काय?" मी म्हटले, बस. तो बसला. मी दिवा लावला. त्याने माझ्याकडे बघायचे टाळले, जमिनीकडे बघत राहिला, म्हणून मीच म्हटले, "बघ की. तुझं कामच आहे ते."

मग तो मोकळा झाला. भिवंडीहून माणूस येऊन गेला म्हणाला, पनवेलवाल्यांचाही निरोप आहे, खेळ पाहिजे. तिथे गावचा माणूस हेरून फौजदार नवा करावा की काय, असे त्याने विचारले. तिकडे तुमाला कोन वळखनार, बापडे हसतील कशाला?

मी म्हटले, "फौजदार आहे तोच ठेव. आणि भिवंडी-पनवेल नंतर बघू. पुढचा खेळ कल्याणला लाव."

"कल्यानला? आत्ताच तं झाला! सगळ्यांनी बघितलाय. कोन येनार?"

"सगळे नाही आले तरी चालतील," मी म्हटले.

नाथाने मान वर करून पाहिले आणि म्हणाला, "मंग चीक पुढंच बांदाया सांगतो."